शुक्रवारी निजलेले माग

१

पडद्यावर सहा माग होते आणि सहाही मागांचे धोटे उजव्या पेटीत थांबले होते.

धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणारा लाकडी तुकडा; दोन्ही टोकांना त्याच्या थांबायच्या पेट्या. आमच्या खेळात तो मिनिटाला साठ फेऱ्या मारतो. मी घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटं पाहिलं. एकही फेरी झाली नाही. खेळ नुसता अडकला असता तर धोटे वाटेल तिथे थांबले असते, एखादा डावीकडे, एखादा अधल्यामधल्या धाग्यांत. सहाच्या सहा उजव्या पेटीत जाऊन थांबले होते, म्हणजे त्यांना थांबायला सांगितलं होतं.

कारखान्याच्या बंद दारावर एक पाटी होती. शुक्रवार. माग निजले.

मी वहीत लिहिलं: शुक्रवार, नऊ पस्तीस, दारणा, फेऱ्या शून्य. मग चष्मा काढून डोळे चोळले. तीन आठवडे मी रोज हेच मोजत होते आणि आज शेवटचा दिवस होता. आज तरी काही नवीन घडायला नको होतं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी सव्वीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं. निवृत्तीनंतर माझी भाची सुवर्णा म्हणाली, आत्या, तू घरी बसून काय करणार, आमचे खेळ तपास. नाशकात जेल रोडवर दुसऱ्या मजल्यावर तिची छोटी कंपनी आहे. नाव ‘चिमणी’. गॅलरीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, म्हणून. मला धरून पाच माणसं. आम्ही ‘ताणाबाणा’ नावाचा ऑनलाइन खेळ बांधतोय: लोकांनी आपापल्या घरून एकत्र यायचं आणि मालेगावसारख्या गावात यंत्रमागाचा कारखाना चालवायचा. कल्पना फैजानची. तो आमचा प्रोग्रामर, मालेगावचा.

खेळ लवकर बांधण्यासाठी एआयचं साधन घ्यायचं ठरलं. हल्ली अशी साधनं निघाली आहेत की मराठीत वाक्य सांगितलं की ती खेळाचा तेवढा तुकडा बांधून देतात. चाळणी लावल्यावर दोन उरली. त्यांतलं एक निवडायचं होतं. त्यासाठी मी चाचणी आखली आणि चार नियम भिंतीवर चिकटवले. पहिला, दोन्ही साधनांना बारा ओळींची एकच सूचना द्यायची. दुसरा, कंपन्यांची नावं घ्यायची नाहीत, नाव ऐकलं की माणूस आधीच मत बनवतो. एकाला गोदा म्हणायचं, दुसऱ्याला दारणा. तिसरा, तीन आठवडे माणसाने काही दुरुस्त करायचं नाही, जादाची एक ओळही सांगायची नाही. चौथा सुवर्णाने घातला: तिसरा नियम मोडला तर सगळी चाचणी रद्द, दोघांची, आणि पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे. मला तो आवडला होता. प्रयोगशाळेत वाढलेल्या बाईला आवडेल असाच होता.

सुवर्णा आली ती कपाळ दाबत. मे महिना, आणि ती आधीच अर्धी झोप घेऊन आल्यासारखी दिसत होती.

“आत्या, तो कूलर आधी निजव गं. डोक्यात भणभणतंय नुसतं.”

मी उठून बटण बंद केलं आणि तिला पडद्यासमोर बसवलं. तिने पाटी वाचली. बराच वेळ वाचली, शब्द तीनच असूनही.

“बिघाड असेल,” ती म्हणाली.

“गेले दोन शुक्रवार हे माग चालले होते. माझ्या वहीत आहे. बिघाड तारीख बघून येत नाही.”

“मग?”

मी बारा ओळींचा कागद तिच्यापुढे ठेवला. त्यात सूत होतं, कांड्या होत्या, धोटा होता, वीज जाणं होतं. शुक्रवार हा शब्द कुठेही नव्हता.

“मग तेरावी ओळ कुणीतरी सांगितली,” मी म्हणाले.

२

दारणाच्या पानावर आधीचं सगळं बोलणं राहतं. मी ते उघडलं. तेरावी ओळ तिथे नव्हती. सांगणाऱ्याने ती नंतर पुसली होती. तिचे शब्द उरले होते ते पाटीवर; दारणा सांगितलेले शब्द तसेच उतरवतं. पण खेळात शेवटचा बदल कधी झाला ती वेळ पुसता येत नाही. मंगळवार, दुपारी सव्वा एक. त्या वेळी आम्ही पाचही जण याच मजल्यावर डबे खात, हात धूत, फोनवर बोलत फिरत होतो. चाचणीचं यंत्र आतल्या खोलीत, आणि त्याचा पासवर्ड त्याच्याच पडद्याला चिकटवलेला. वेळेमुळे कुणीच सुटत नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे चेहरे असे का होते ते कळणार नाही.

दोन साधनांत मोठा फरक होता. गोदा चित्रं सुरेख काढायचं, पण बरेच लोक एकदम खेळायला आले की त्याचा खेळ तुटायचा. ते घेतलं तर प्रोग्रामर लागणार, चित्रकार नाही. दारणाचं उलट. खेळ पक्का, पण चित्रं अशी की बघवत नाहीत. ते घेतलं तर चित्रकार लागणार, प्रोग्रामर नाही. आणि आमचा खेळ घेणाऱ्या बंगळूरच्या प्रकाशकाने एक साधन आणि तीनच माणसं मंजूर केली होती. सुवर्णा एक, खेळणारी माणसं जमवणारा समर्थ दोन. मी पेन्शनवाली, मोजणीबाहेर. तिसरा माणूस एक तर प्रोग्रामर फैजान किंवा चित्रकार खुशनुमा.

साधन निवडायचं म्हणजे या दोघांतलं एक माणूस निवडायचं होतं. हे जानेवारीपासून सगळ्यांना माहीत होतं. जानेवारीत सुवर्णा म्हणाली, फेब्रुवारीत सांगते. मग मार्च. मग ही चाचणी. आज चार वाजता प्रकाशकाचा फोन येणार होता.

समर्थ साडेदहाला आला, पिंपळगाव बसवंतहून, मोटरसायकलवरची धूळ झटकत. त्याला पडदा दाखवला.

“यात शोधायचं काय, ताई?” तो म्हणाला. “शुक्रवारी माग कुठं बंद असतात? मालेगावला. आपल्यात मालेगावचा कोण?”

“दारणा जिंकलं तर फैजानचं काम जातं,” मी म्हणाले. “तो दारणाचा खेळ कशाला सुधारेल?”

“सुधारायला नाय केलं. पकडलं जावं म्हणून केलं! दारणात लबाडी निघाली की दारणा बाद. मग उरलं कोण? गोदा. त्याची खुर्ची शाबूत. लय डोकेबाज हाय तो.”

सुवर्णाने मान वळवली. ती दाराकडे बघत होती. मी वळून पाहिलं.

दारात फैजान उभा होता. डबा अजून हातातच.

“थांबलास का, समर्थ?” तो म्हणाला. “बोल ना पुढे.”

३

मी त्याला गॅलरीत घेऊन गेले. ऊन चढत होतं, चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता.

“मला वाईट नाही वाटलं, मॅडम,” फैजान म्हणाला. “मालेगावचा म्हटल्यावर लोक काय काय धरतात. हे तर फारच साधं आहे. माग बंद केले म्हणे.”

“तू केलेस?”

“नाही.”

“शुक्रवारचं आणखी कुणाला माहीत होतं?”

तो हसला. “सगळ्यांना. मीच सांगून सांगून कान किटवलेत. अब्बांकडे बारा सांचे होते. शुक्रवारी बंद झाले की गल्लीत असं सन्न होतं, कान वाजायला लागतात. मला ते खेळात पाहिजे होतं. जानेवारीत ताईंना म्हटलं, ही एक ओळ टाकाच. त्या हो म्हणाल्या. नंतर बारा ओळी लिहिल्या त्यात राहूनच गेली.”

“तू आठवण नाही केलीस?”

“तोपर्यंत तुमचे नियम लागले होते भिंतीवर.” तो थोडा वेळ चिमण्यांकडे बघत राहिला. “आणि मॅडम, मी लिहिलं असतं तर माग लिहिलं असतं का? आमच्यात सांचा म्हणतात. माग तुम्ही पुस्तकवाले म्हणता. आणि सांचा बंद असतो. निजतो वगैरे नाही.”

हे मी वहीत लिहिलं. तेव्हा त्यातला अर्धाच भाग मला महत्त्वाचा वाटला.

“समर्थ म्हणतो, चाचणी बिघडली तर तुझा फायदा.”

“चौथा नियम समर्थने वाचला नसेल. दारणा बाद होत नाही, दोन्ही पुन्हा सुरू होतात. तीन आठवडे.” त्याने खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. “मला तीन आठवडे नकोत मॅडम. तीन तासही नकोत.”

“का?”

तो सांगायला तयार नव्हता. मी गप्प बसले. तपासणीत सव्वीस वर्षांत मी एवढं शिकले आहे की गाळ खाली बसायला वेळ द्यावा लागतो.

“मालेगावला एका पॉलिटेक्निकला शिकवायची जागा आहे,” शेवटी तो म्हणाला. “आज पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. अशीच एक मार्चमध्ये आली होती. ताई म्हणाल्या होत्या या आठवड्यात सांगते, म्हणून मी थांबलो. ती गेली. मेहविश, माझी बायको, तेव्हा काही बोलली नाही. या वेळी बोलेल.”

“सुवर्णाला हे सांगितलंस?”

“कशाला? दया म्हणून ठेवलं तर मला रोज ते दिसत राहील.”

“तुला जायचंय का?”

“नाही! हा खेळ माझा आहे. अब्बांचे बारा सांचे भंगारात गेले, त्यातले सहा मी इथे उभे केले.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पण ठेवते म्हटलं तरी चालेल, जा म्हटलं तरी चालेल. पाच महिने झाले मॅडम. कुणीतरी काहीतरी म्हणा.”

४

खुशनुमा तिच्या टेबलावर पेन्सिल तासत होती. समोरचा कागद कोरा. जुन्या नाशकातली मुलगी, हात असा की तिने काढलेल्या माठाला हात लावला तर गार लागेल असं वाटावं. महिनाभरात तिने नवीन काही काढलं नव्हतं.

“माझी पाळी का, आत्या?” तिने विचारलं. सगळं ऐकलं होतं तर. “दारणा आलं तर मी राहते. म्हणजे चोर मीच.”

“दारणाचा खेळ अधिक खरा वाटावा म्हणून तू ओळ घातलीस, असं कुणी म्हणेल.”

“कुणी म्हणजे समर्थ.” ती पेन्सिल खाली ठेवून माझ्याबरोबर आतल्या खोलीत आली आणि पडद्यापुढे वाकली. दारणाने काढलेला कामगार मागाशेजारी उभा होता. त्याच्या डोक्यावर फेटा आणि डाव्या हाताला दोन कोपरं होती.

“बघा ना याच्याकडे,” ती म्हणाली. “लग्नाला निघालाय की कामाला? फैजान म्हणतो, अब्बांनी हा पाहिला असता तर म्हणाले असते, दोन कोपरं आहेत, दोन सांचे दे याला.”

मला हसू आलं. तिलाही आलं, आणि लगेच गेलं.

“आत्या, मी केलं असतं तर दारावर कुलूप रंगवलं असतं. पितळी. किल्लीच्या भोकाभोवती तेलाचा काळा डाग. बंद कारखाना दाखवायला पाटी कोण लिहितं? ज्याला चित्र काढता येत नाही तो.”

हे खरं होतं. गवळी घरच्या चहात दुधाची पावडर घालत नाही.

“आणि एक सांगू? मला राहायचंय. अम्मी रोज विचारते, बेटा काय ठरलं. मी म्हणते, ठरतंय. पण फैजानचं तोंड बघून राहायचं, हे रोज रोज नाही होत. तीन आठवडे आणखी म्हणालात तर मीच राजीनामा देईन. टाईप करून ठेवलाय.”

तिने पाटी पुन्हा वाचली, आणि या वेळी मोठ्याने.

“शुक्रवार. माग निजले. हे म्हणजे अगदी सुवर्णाताईंसारखं.”

“काय सुवर्णासारखं?”

“निजले! त्या नाही का म्हणत, कूलर निजवा, प्रिंटर निजवा. पहिल्या आठवड्यात मला कळायचंच नाही. आता आम्हीच एकमेकांना म्हणतो, ताईंनी लाइट निजवली का बघ. तुमच्या मखमलाबादकडे सगळे असंच बोलतात ना?”

मखमलाबादला कुणीच असं बोलत नाही.

५

पाणी तपासताना आधी एक कोरी बाटली लावतात. तिच्यात शुद्ध केलेलं पाणी, आणि काहीच नाही. यंत्राला सांगायचं, हे शून्य. पुढचं सगळं त्या शून्यापासून मोजायचं. शून्यात जे मिसळलेलं असतं ते यंत्राला कधीच दिसत नाही.

तो शब्द मला सकाळी दिसला नाही, कारण तो माझं शून्य होता.

मखमलाबादला आमचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा होता. विहिरीवर मोटार. सुवर्णाचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, लहानपणी त्या मोटारीच्या आवाजाला फार भ्यायचा. ती चालू असेपर्यंत डोळे मिटायचा नाही. तेव्हा आमचे वडील, चिमाजी, संध्याकाळी हाक द्यायचे, “शुभांगी, मोटार निजव गं, म्हणजे बाळही निजेल.” बाळ मोठा झाला, मोटार गेली, मळा गेला. शब्द तेवढा घरात राहिला. आमच्या शेजारचा लहानूकाकाही मोटार बंदच करायचा. निजवायचो फक्त आम्ही. त्या घरातली आता दोनच माणसं या मजल्यावर होती, आणि त्यांतली एक मी.

पण एका शब्दावरून माणूस धरायचा नाही. शब्द कुणीही उचलू शकतं. खुशनुमानेच सांगितलं, ते सगळे थट्टेत तो वापरतात. मी वहीचं नवं पान काढलं.

ओळ मंगळवारी घातली गेली. तिचा परिणाम शुक्रवारीच दिसणार होता. आमच्याकडे रोज खेळून मत देणारे चाळीस जण होते, पण त्यांची मतं गुरुवारी संध्याकाळी बंद झाली. म्हणजे ते थांबलेले माग एकाही खेळणाऱ्याने पाहिले नव्हते, पाहणारही नव्हता. दारणाला त्याने अर्धा गुणही मिळाला नव्हता, की गोदाचा कमी झाला नव्हता.

मग ती ओळ कुणासाठी होती?

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दोन्ही खेळ शेजारी शेजारी उघडून फेऱ्या मोजणारं माणूस एकच होतं. ती ओळ माझ्यासाठी होती. पकडली जावी म्हणूनच घातली होती, इथपर्यंत समर्थचं बरोबर होतं. पण पकडली गेल्यावर काय होतं? दारणा बाद होत नाही. चौथ्या नियमाने सगळंच तीन आठवडे पुढे जातं.

तेव्हा प्रश्न एवढाच, तीन आठवडे कुणाला हवे होते? फैजानला पाचच्या आत उत्तर हवं होतं. खुशनुमाचा राजीनामा टाईप करून तयार होता. समर्थने सोमवारपासून खेळायला दोनशे माणसं बोलावून ठेवली होती. चाचणी लांबली तर शिव्या त्यालाच खाव्या लागणार.

चौथा नियम कुणी घातला होता ते मी भिंतीकडे न बघताही सांगू शकत होते.

साडेतीन वाजले होते. मी वही मिटली आणि सुवर्णाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

६

ती खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. टेबलावर चहा, वर साय.

“सापडलं?” तिने डोळे न उघडता विचारलं.

“आपल्या घरातला शब्द सोडून दुसरा कुठलाही लिहिला असतास, तर मी अजून शोधत बसले असते.”

कूलर बंद होता, त्यामुळे खालच्या रिक्षांचे आवाज स्पष्ट येत होते.

“कुठला शब्द?” ती म्हणाली.

“निजले.”

तिने डोळे उघडले. तिच्या ध्यानातच नव्हतं. तिचंही शून्य तेच.

“मी सांचे लिहिणार होते,” ती म्हणाली. “मग वाटलं, फैजानवर येईल. म्हणून माग लिहिलं.”

“आलंच.”

“हो.”

“समर्थ बोलत होता तेव्हा तू तिथेच उभी होतीस.”

“माहितीये, आत्या. सारखं तेच ऐकू येतंय.” तिने चहाचा कप बाजूला सरकवला. “मला वाटलं होतं तू सरळ म्हणशील, नियम चार, चाचणी रद्द. तू नियमाला पक्की. कोण, का, हे विचारत बसशील असं वाटलं नाही.”

“मग तीन आठवडे मिळाले असते. पुढे काय?”

“पुढे काही नाही. तीन आठवडे.”

“आकडे तुला कधी कळले?”

“दुसऱ्याच आठवड्यात. तुझी वही उघडीच असते.”

मी ती आता पुन्हा उघडली. चाळीस माणसं एकदम आली तेव्हा गोदाचा खेळ अकरा वेळा तुटला, दारणाचा दोनदा. चित्रं माणूस दुरुस्त करू शकतो. भरल्या कारखान्यातून अकरा वेळा बाहेर फेकला गेलेला खेळाडू बाराव्यांदा येत नाही. ऑनलाइन खेळासाठी निवड सरळ होती, आणि म्हणूनच अवघड.

“त्याच्या बापाचे माग आहेत ते,” सुवर्णा म्हणाली. “त्याने कल्पना आणली, त्यानेच पहिला धोटा हलवून दाखवला. त्याला कसं सांगू की आता तुझ्याशिवाय हलतो म्हणून? दर सोमवारी ठरवते. डबा उघडला की तो पहिला घास मला देतो. मग मंगळवारी सांगू म्हणते.”

“या मंगळवारी पण दिला होता?”

तिने मान हलवली. सव्वा एक, डब्याची वेळ. तिने घास खाल्ला होता आणि उठून आतल्या खोलीत गेली होती.

“आता काय करायचं?” ती म्हणाली. “नियम तर मोडलाच. चाचणी रद्द होणार ना?”

शेवटचा आडोसा होता तो. तिला तो मिळावा असं मलाही क्षणभर वाटलं; थकलेल्या माणसाला खुर्ची सरकवावी तसं. पण पाण्याच्या बाबतीत मी खोटं बोललेली नाही.

“नमुना बाटलीत भरून सील केला की मागाहून नदीत कुणी काहीही टाकलं तरी बाटलीतलं पाणी बदलत नाही,” मी म्हणाले. “मतं गुरुवारी बंद झाली. तुझ्या ओळीने माग थांबले ते शुक्रवारी. चाचणी शाबूत आहे. चौथा नियम मी सकाळी वाचला तसाच आत्ताही वाचला. तो चाचणीसाठी नव्हता, निर्णय लांबवण्यासाठी होता.”

“तू फार कठोर आहेस गं.”

“फैजानला मालेगावला नोकरी आलीय. पॉलिटेक्निकला. आज पाच वाजेपर्यंत कळवायचंय. मार्चमध्ये एक आली होती, ती तुझी वाट बघण्यात गेली.”

ती ताठ बसली.

“मला बोलला नाही.”

“दया नको होती त्याला. त्याचा विश्वास मी मोडला. त्याच्याशी मी नंतर बोलेन.”

सुवर्णाने घड्याळाकडे पाहिलं. चारला सात मिनिटं होती. ती उठली, ओढणीने तोंड पुसलं आणि दार उघडून बाहेर हाक दिली. “सगळे या इकडे.”

समर्थ फोन खिशात घालत आला. खुशनुमा हातात पेन्सिल तशीच घेऊन. फैजान सगळ्यात शेवटी, आणि तो दाराशीच थांबला.

“दारणाला ती ओळ मी सांगितली,” सुवर्णा म्हणाली. “शुक्रवारची. मंगळवारी, डब्याच्या वेळेला. चाचणी पुढे जावी म्हणून.”

समर्थ फैजानकडे वळला. “भाऊ, मी सकाळी...”

“राहू दे,” फैजान म्हणाला. त्याचं लक्ष समर्थकडे नव्हतं. तो सुवर्णाकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. “ओळ चांगली आहे, ताई. तेवढी राहू द्या खेळात.”

“राहील. सांचे बंद असं लिहू.”

टेबलावरचा फोन वाजू लागला. बंगळूरचा नंबर. चारला अजून तीन मिनिटं होती. समर्थ उचलायला पुढे झाला. सुवर्णाने फोन हातात घेतला, उपडा ठेवला आणि वाजू दिला. तो वाजून थांबला. खुशनुमाने पेन्सिल टेबलावर ठेवली. तिला कळलं होतं.

“फैजान,” सुवर्णा म्हणाली. “आपण दारणा घेतोय. तुझं काम तीस जूनला संपतंय. मालेगावला फोन कर, आणि हो म्हणून सांग.”